गाडीतील बालगोपाळ

माघी पौर्णिमेस बेळगावकडील कित्येक कुटुंबे सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर बैलगाडीने जातात. आता मोटारी व ट्रॅक्टरही असतात. लहान मुले दर्शनात व्यत्यय आणतात, म्हणून ती घरी ठेवावीत, असे कोणी सुचवितात. आम्हांस हे मान्य नाही. रेणुका ही परशुरामाची माता. मातेच्या दारी लेकरांवाचून कसे जावे? तान्हे रडले की गाडी थांबते, बैलांस वैरण-पाणी मिळते, आजीचे आखडलेले पाय मोकळे होतात. हा खोळंबाही यात्राच होय. मात्र जोगनभावीस स्नानाच्या गर्दीत मुलांचा हात सोडू नये. नैवेद्यापूर्वी भुकेल्या पोरास भाकरी द्यावी काय, अशी शंका पुष्कळांस येते. निःशंक द्यावी, त्यासाठी देवीची क्षमा मागण्याचेही कारण नाही.