कुणाकुणाच्या हातावर

नैरोबी नॅशनल पार्कच्या कडेला शेल्ड्रिक ट्रस्टचं अनाथ हत्तींचं पाळणाघर आहे. सकाळी तासभरच ते पाहुण्यांसाठी उघडतं. आज मनानं तिथे जाऊ. दोरीच्या अलीकडे उभे राहा. श्वास त्याच्या लयीत चालू द्या.

दुधाची वेळ झाली की पिल्लं झुडपांतून धावत येतात. सगळ्यांकडे बघू नका. जे सर्वांत लहान आहे, त्याच्यावर नजर ठेवा. पाठीवर विरळ, राठ केस, कानांवर लाल माती. समोर एक ब्लँकेट टांगलंय आणि बाजूला हिरव्या कोटातला माणूस बाटली धरून उभा आहे. पिल्लू सोंड लोकरीवर टेकवतं. टोकानं चाचपतं, थांबतं, पुन्हा चाचपतं. आईच्या पोटाशी सोंड टेकून प्यायची सवय आहे त्याला. मग घोट सुरू होतात.

इथे थोडं रेंगाळा.

हे दूध जमायला वर्षं गेली. गाईच्या दुधातली चरबी या पिल्लांना पचत नाही. ट्रस्ट उभारणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांना प्रयोग करता करता खोबरेल तेलात उत्तर सापडलं. त्या दुधावर आयशा नावाचं पिल्लू छान वाढत होतं. मुलीच्या लग्नासाठी डॅफ्नी काही दिवस लांब गेल्या. आयशानं खाणंपिणं सोडलं, आणि ती गेली.

दूध बरोबर होतं. जीव मात्र एकाच माणसावर होता.

म्हणून आता रात्री पिल्लाशेजारी माणूस झोपतो, दर तीन तासांनी उठून पाजतो. पण रोज तोच नसतो. पाळी बदलते. मला यात कोरडेपणा दिसत नाही. माया कमी केलेली नाही, वाटून दिली आहे.

आता स्वतःकडे या. आईखेरीज तुम्हाला कुणी कुणी भरवलं? आजी, मावशी, शेजारच्या काकू... एकेक चेहरा येऊ द्या. नाव आठवलं नाही तरी चालेल, हात आठवा.

पुढे यांतली बरीच पिल्लं त्सावोच्या रानात जातात. तिथे रानटी कळपांशी ओळख होते. कायमचं कधी जायचं, हे ज्याचं तो हत्ती ठरवतो. कुणाला त्यासाठी कित्येक वर्षं लागतात. काही हत्तिणी पुढे रानात जन्मलेलं आपलं पिल्लू घेऊन या माणसांना भेटायला येतात.

तुमच्या हातांवर कोण वाढलं, तेही आठवा. ते आज कुणाकुणाच्या मायेत आहे, त्यांची नावं मनात घ्या.