पारड्यातला माणूस

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण आधी त्याच्या सुखदुःखाविषयी विचारीत नाही. त्याच्या देहाकडे पाहतो आणि निकाल देऊन मोकळे होतो : 'काय हो, फारच वाळलात!' किंवा 'वा, तब्येत सुधारलेली दिसते!' सुधारलेली तब्येत म्हणजे वाढलेले वजन, हे समीकरण आपल्या भाषेनेच करून ठेवले आहे. मूल बाळसे धरते, लेक माहेरपणाला येऊन अंगाने भरते, आणि ज्याचे वजन वाढत नाही त्याला 'खाल्लेले अंगी लागत नाही' – म्हणजे दोष बहुधा त्याच्याच अंगाचा! शाळेत मुलांच्या प्रगतिपुस्तकातले उंची-वजनाचे रकाने मी वर्षानुवर्षे भरीत आलो आहे. वजनालाही आपण गुणांसारखेच मानतो की काय, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पाडला माझ्या थोरल्या भावाने.

दादाचे बाजारात शिवणकामाचे दुकान आहे. जठराच्या कर्करोगासाठी २०२३ च्या जुलैत त्याचे संपूर्ण जठर काढावे लागले. माझे शरीरशास्त्र मॅट्रिकपुरते. जठरावाचून माणूस जगतो हेच मला ठाऊक नव्हते. पुढे वाचनात आले की झुरिकच्या कार्ल श्लाटर या शल्यवैद्याने १८९७ सालीच एका बाईचे अख्खे जठर काढले होते, आणि ती त्यानंतर वर्षाहून अधिक जगली. आता अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात आणि माणसे वर्षानुवर्षे जगतात. कशी जगतात, हे मात्र घरात राहिल्यावाचून कळत नाही.

भुकेची वर्दी मेंदूला देणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होते. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधून काढले. जठर गेले की ही वर्दी देणाराच जातो. दादाला भूक लागत नाही. तो घड्याळ पाहून जेवतो. दिवसातून सात-आठ वेळा, वाटीभर, चावून चावून. जेवताना पाणी प्यायचे नाही. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरला की छाती धडधडते, घाम फुटतो, चक्कर येते. आणि दोन-तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय कापू लागतात. ब-१२ जीवनसत्त्व शोषून घ्यायला लागणारा एक घटक जठरच पुरवीत असे, म्हणून त्याची इंजेक्शने आता जन्माची सोबतीण झाली आहेत.

भुकेवाचून जेवणे म्हणजे काय, याचा विचार आपण कधी केला आहे काय? मी एके दिवशी करून पाहिले. सकाळपासून दर दोन तासांनी, इच्छा नसताना, वाटीभर काहीतरी खाल्ले. चौथ्या वाटीला मला रडू आले. दादा ते रोज करतो, आणि आई समोर बसून त्याचा घास मोजते.

वजनाचा काटा मीच आणला होता. दर रविवारी आंघोळीनंतर दादा पडवीत त्या काट्यावर उभा राही, सारे घर भोवती जमे, मी चष्मा सावरून आकडा वाची आणि वहीत लिही. आजारापूर्वी तो चौसष्ट किलोंचा होता. शस्त्रक्रियेच्या दिवशी साठ भरला. सप्टेंबरअखेर त्रेपन्न! अशा शस्त्रक्रियेनंतर मूळच्या वजनाचा दहावा ते पाचवा हिस्सा कमी होणे नेहमीचे आहे, हे आम्हांला सांगितलेही होते. परंतु ऐकणे निराळे आणि काट्यावर पाहणे निराळे. आकडा खाली आला की आई 'आज उपास आहे' म्हणून पानावरून उठे. एवढे उपास पंचांगात नाहीत.

ऑक्टोबरात वजन वाढू लागले. एका रविवारी अर्ध्या किलोहून जास्त, पुढच्या रविवारी पुन्हा तेवढेच. आईने देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या रविवारी दादा काट्यावरून उतरताना त्याच्या लेंग्याच्या खिशात काहीतरी खणकले. तो आत गेल्यावर मी मागोमाग गेलो. पलंगावर दुकानाची दोन्ही कुलुपे आणि कापड कापायची मोठी कात्री पडली होती.

"आईला आकडा हवा असतो," तो म्हणाला, "आणि मला ती जेवायला हवी असते. रविवारी पोटभर जेवली ना?"

"आणि पुढच्या रविवारी काय, शिवणयंत्र?" मी म्हणालो.

तो हसला. मी मात्र चूप बसलो आणि खोटे आकडे वहीत तसेच राहू दिले. मुलांनी एकमेकांची पाने पाहून गणिते सोडवली तर मी त्यांना बाकावर उभे करतो!

माझी समजूत अशी होती, की ज्या खोट्याने कोणाचे नुकसान होत नाही आणि एका म्हातारीच्या पोटात चार घास जातात, ते खोटे क्षम्य आहे. पुढच्याच आठवड्यात औषधाच्या फेरीसाठी पुण्याला गेलो. औषधाची मात्रा उंची आणि वजन यांवरून काढतात. परिचारिकेने घरचे वजन विचारले; आईने अभिमानाने पंचावन्न सांगितले. रुग्णालयाचा काटा म्हणाला, साडेबावन्न. आठवड्यात अडीच किलो! डॉक्टरांचा चेहरा बदलला. कोठे जोड आखडला असेल काय, रोग उलटला असेल काय. त्यांनी तपासण्यांची यादी लिहायला घेतली. बाकावर बसलेली आई एका क्षणात दहा वर्षांनी थकलेली मी पाहिली. मग मी डॉक्टरांना बाजूला नेऊन कुलुपांची हकीकत सांगितली.

ते रागावले, आणि त्यांचे रागावणे योग्यच होते. वजनाला काय एवढे महत्त्व, आनंदात राहावे म्हणजे झाले, असे सांगणारे शहाणे लोक आम्हांला वाटेवाटेवर भेटले आहेत; ते थोतांड आहे. उतरणाऱ्या वजनाबरोबर स्नायू जातात, स्नायूंबरोबर ताकद जाते, आणि ताकद गेलेला माणूस औषधाच्या साऱ्या फेऱ्या पुऱ्या करू शकेलच असे नाही. काटा खरे बोलतो. आम्हीच त्याला जो प्रश्न विचारीत होतो तो निराळा होता. 'आमची माया पुरी पडते काय?' असे आई त्याला दर रविवारी विचारीत होती.

सत्यभामेने श्रीकृष्णाची तुला केली ती कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. दागिन्यांनी पारडे हलले नाही आणि रुक्मिणीच्या एका तुळशीच्या पानाने ते झुकले. कीर्तनकार येथे रुक्मिणीच्या भक्तीवर तासभर बोलतात. परंतु दोघींचे प्रेम तोलले जात असताना पारड्यात अवघडून बसलेल्या त्या माणसाला काय वाटत होते, हे कोणी सांगत नाही. तो दादासारखाच गंमत म्हणून हसत बसला असेल.

पुढे केव्हातरी रुग्णालयात दादाला एक प्रश्नावली भरायला दिली. युरोपातील कर्करोग संशोधन व उपचार संघटनेने ती तयार केली आहे. सर्वसाधारण तीस प्रश्न आणि जठराच्या रुग्णांसाठी आणखी बावीस. जेवणात गोडी वाटते काय, चालताना दम लागतो काय, असे प्रश्न. त्यात वजन किती, असे विचारलेले नाही. वजन फार कमी असल्याची काळजी किती वाटली, असे विचारले आहे. दादा त्या प्रश्नाशी थांबला आणि म्हणाला, "हा आईला द्या." एकंदर आयुष्य कसे वाटते यासाठी एकपासून सातपर्यंत आकडे होते. त्याने पाचावर खूण केली. मी मनात तीन धरले होते. पाच कसे, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "काल चार तास मशीनवर बसलो."

आईला खरे त्यानेच सांगितले. "आई, तो चौसष्ट किलोंचा माणूस आता यायचा नाही. हा आहे, याला जेवायला घाल." ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली.

आता काटा महिन्यातून एकदा निघतो, खिसे रिकामे करून. आकडा बावन्न-त्रेपन्नाच्या आसपास स्थिर आहे. फराळाचे लाडू अजूनही दादाच्या पुढे येतात आणि आई स्वतःच ते मागे घेते. त्याच्यासाठी ती एक चकली काढून ठेवते, ती त्याला पंधरा मिनिटे पुरते.

शस्त्रक्रियेनंतर त्याने आपल्या पँटी स्वतःच आत घेतल्या होत्या, दोनदा. कापड न कापता, शिवणीत दुमडून, परत सोडता यावे म्हणून. तिसऱ्या वेळी त्याने ते कापून टाकले. यंदा दिवाळीसाठी त्याने स्वतःला नवी पँट शिवली आहे, आजच्या मापाची. आईने ती हातात घेतली, उलटी करून कमरेची शिवण पाहिली आणि विचारले, "माया किती ठेवलीस रे?"

"पाऊण इंच," तो म्हणाला.