डोंगराच्या जागी खड्डा

मलाजखंडला पाहुणे आले की आम्ही त्यांना खाण दाखवायला नेतो. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला तो खड्डा पाहून मोठी माणसे गप्प होतात. एकदा भाचीने मात्र विचारले, "मामा, इथे आधी काय होतं?"

डोंगर होता. गारगोटीच्या दगडाची, कण्यासारखी वर आलेली रांग. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीची. तिच्यात तांबे होते. १९८२ साली हिंदुस्तान कॉपरची उघडी खाण सुरू झाली आणि माणसाच्या एका नोकरीइतक्या काळात त्या रांगेचा खड्डा झाला.

"तुझ्या घरातल्या पंख्याच्या तारेत बघ," मी म्हणालो. उत्तर चटपटीत होते, पण त्यात माझा बचावही होता. याच तांब्यावर माझा संसार झाला. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांना कोणी सुरुंग लावला तर मीच पहिला ओरडेन. मग देखणे तेवढे राखायचे आणि उपयोगाचे ते फोडायचे, हा कुठला न्याय?

आसपासचे गोंड त्या डोंगराला काय म्हणत, हे नोकरीच्या साऱ्या वर्षांत मी विचारलेच नाही. परवा दूधवाल्याला विचारले. तो तरुण, त्याने खड्डाच पाहिलेला.