आडातलं पाणी

फरीदाबादच्या सेक्टर 24 मधल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं आयव्ही कॅन्युलाची डिझाइनं आणि डाय करते. शिरेतून सुई ओढली की पोलादाची एक छोटी क्लिप तिच्या टोकावर चढते आणि नर्सच्या बोटाला सुई लागत नाही. त्या क्लिपची एक भुजा मी किंचित वाकवली. सुई निघताना तिच्यावरचा रक्ताचा थेंब ती पुसते आणि आतच ठेवते. पेटंटचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. एका जुन्या परदेशी पेटंटातल्या आकृतीत तशीच भुजा होती. रक्ताबद्दल तिथे अवाक्षर नव्हतं, पण तो गुण त्या रचनेत अंगभूतच आहे, असं निर्णयात म्हटलं होतं.

ज्याला थेंब दिसलाच नाही, त्याने तो पुसला कसा?

मिरजेला अण्णांना फोन केला. त्यांनी जन्मभर संस्कृत शिकवलं. म्हणाले, "अगं, हा तर सांख्य आणि न्याय यांचा वाद." ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेतल्या नवव्या कारिकेत पाच कारणं दिली आहेत, की कार्य कारणात आधीपासून असतंच. तिळात तेल असतं म्हणून निघतं, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, मातीत घडा नसतो, तो नव्याने घडतो. आपल्या घरातल्या बायका सांख्यांचं नाव न घेता सांगत आल्या: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी अर्थातच नैयायिकांच्या बाजूला. घडा मी घडवला होता ना!

वकिलांनी 1997 चा एक अमेरिकी निकाल वाचायला दिला. श्रायबर नावाच्या अर्जदाराने मक्याच्या लाह्या थोड्या थोड्या पडाव्यात म्हणून शंकूसारखं तोंड बनवलं होतं. तेलाच्या डब्यासाठीच्या जुन्या स्विस पेटंटात तसंच तोंड निघालं. लाह्यांचा उल्लेख नसला तरी त्यातून त्या तशाच पडल्या असत्या, म्हणून अर्ज गेला. 2003 मध्ये लोराटाडिन या ॲलर्जीच्या औषधाचंही तेच झालं. ते घेतल्यावर शरीरात जो पदार्थ तयार होतो, त्यावरचे दावे टिकले नाहीत. कोणाला ठाऊक नव्हतं, तरी तो बनतच होता. मात्र एक अट आहे. गुण दर वेळी यायला हवा; येऊ शकेल, एवढ्याने भागत नाही. तिळात तेल कधी असतं, कधी नसतं, असं होत नाही.

त्या अटीवर माझी आशा टेकली. जुन्या आकृतीबरहुकूम मी तीस क्लिपा बनवल्या, लाल पाणी घेतलं, खाली पांढरे कागद ठेवले. एक जरी थेंब पडला तरी दिल्ली उच्च न्यायालयात अपिलाला जागा होती.

तीसही कागद कोरे राहिले.

पाणी आडात होतं. मी पोहरा सोडला, हेही काम आहे, आणि ते नर्सना सांगायलाच हवं. पण त्यासाठी वीस वर्षं इतरांना आडावर येऊ न देणं मला पटत नाही. ती भुजा चरा न पडता एकाच ठोक्यात वाकवणारा डाय मात्र कोणत्याच आकृतीत नाही. तो नव्हता आणि झाला. तिथे नैयायिक खरे.

अपील करू नका, असं मी साहेबांना लेखी दिलं. डायचा अर्ज गेल्या सोमवारी दाखल झाला.