भोगवटा की मालकी?

पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली झाली, असे मानणारी आमची पिढी. संगणकाने या समजुतीस धक्का दिला. यंत्र बिघडते, दुकानदार विंडोज पुसून पुन्हा टाकून देतो, आणि पडद्यावर सूचना उमटते की ही प्रत सक्रिय झालेली नाही. पावती कपाटात असूनही मालकास आपली ओळख नव्याने पटवावी लागते.

घरगुती ग्राहकास ही अट २००१ च्या विंडोज एक्सपीपासून लागली. यंत्राच्या सुट्या भागांवरून एक खूण तयार होते आणि कंपनीकडे नोंदली जाते. मदरबोर्ड बदलला की ती जुळत नाही. संगणकासोबत आलेला परवाना बहुधा त्याच यंत्राशी बांधलेला असतो, स्वतंत्र घेतलेला दुसरीकडे नेता येतो. हा भेद विकत घेताना सहसा कोणी सांगत नाही.

मर्यादित हक्क म्हणजे अन्याय, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या भागातील मालगुजारी १९५१ मध्ये गेली. १९५९ च्या भूराजस्व संहितेत भूमिस्वामी हा एकच हक्क उरला. तरी शासनाकडून पट्ट्याने मिळालेली जमीन कलेक्टरांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, आणि त्यामागे गरिबाची जमीन राखण्याचा हेतू आहे. मात्र नामांतरणाचा अर्ज तहसीलदारांनी फेटाळला, तर कारण लेखी मिळते व एसडीओंकडे अपील करता येते. (२०२३ पासून पांढुर्णा जिल्हाच झाल्याने छिंदवाड्याची पायपीटही वाचली.) यंत्र मात्र एक सांकेतिक क्रमांक दाखवून गप्प बसते.

मग पावती असलेला गृहस्थ चोरीची किल्ली वापरतो. ‘पैसे तर एकदा दिलेच आहेत’ असे म्हणतो. त्यास चोर म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. तरीही ते आम्हांस मान्य नाही. न्याय्य दावा असलेला मनुष्य आपण होऊन दावा नसलेल्यांच्या रांगेत उभा राहतो, आणि कंपनीने आपल्यास उत्तर द्यावे ही मागणी तेथेच सोडतो. शिवाय अशा किल्ल्यांबरोबर विषाणूही घरात येतात, हे निराळेच.

सौंसरची संत्र्याची बाग वडिलांमागे मुलांच्या नावे चढते. यंत्राशी बांधलेला परवाना त्या यंत्राबरोबरच भंगारात जातो.