“देह आहे, पण आई नाही”



मागे एका पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी एका घरी गेलो होतो. आजी नव्वदीच्या घरातल्या. काही वर्षांपासून स्मृती गेलेली. “आई, फादर आलेत,” असे मुलाने मोठ्याने सांगितले, तर त्यांनी मुलालाच विचारले, “तुम्ही कोण?” निघताना तो फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, “फादर, आत्मा अमर आहे म्हणता. मग माझ्या आईचा आत्मा गेला कुठे? देह आहे, पण आई नाही.”

त्याच्या खांद्यावर हात ठेवण्यापलीकडे त्या वेळी मला काही सुचले नाही. पण हा प्रश्न मी पूर्वी ऐकला होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना तो एपिक्युरसच्या शिकवणीत भेटला होता.

एपिक्युरस (इ. स. पूर्व ३४१ ते २७०) अथेन्समधील आपल्या बागेत शिष्यांना शिकवीत असे. ‘खा, प्या, मजा करा’ असे काहीतरी त्याच्या नावावर खपवले जाते. प्रत्यक्षात त्याची राहणी अगदी साधी होती. त्याला माणसाच्या मनातले मृत्यूचे भय घालवायचे होते. त्याच्या मते विश्वात अणू आणि पोकळी एवढेच आहे. आत्माही अणूंचाच, मात्र अतिशय सूक्ष्म अणूंचा, श्वास आणि उष्णतेसारखा सर्वांगात पसरलेला. देहाने धरून ठेवले आहे तोवरच त्याला संवेदना असते. देह मोडला की आत्मा विखुरतो. मग दुःख भोगायला कोणी उरतच नाही, तर भ्यायचे कशाला?

पुढे इ. स. पूर्व पहिल्या शतकात रोमन कवी लुक्रेशियस याने आपल्या दीर्घकाव्याच्या तिसऱ्या भागात याचे पुरावे मांडले. बालपणी देहाबरोबर मनही कोवळे असते, तारुण्यात दोन्ही बळकट होतात आणि म्हातारपणी देह थकला की जीभ अडखळते, बुद्धी ढळते. धुपाच्या खड्यातून सुगंध काढून घ्यावा आणि खडा तसाच राहावा, हे जसे शक्य नाही, तसेच देह आणि आत्मा यांचे आहे. जे देहाबरोबर वाढते आणि झिजते, ते देहाबरोबर संपणारच, असा त्याचा निष्कर्ष. फाटकापाशी त्या मुलाच्या मनात हीच शंका होती.

अशा वेळी आपण घाईने म्हणतो, “शरीर म्हणजे नुसते कपडे. आत्मा आत सुखरूप आहे.” ऐकायला बरे वाटते, पण ही ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग, हा विचार प्लेटोच्या परंपरेतला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले, की देह आणि आत्मा मिळून एकच माणूस होतो आणि आत्मा हे देहाला जिवंत ठेवणारे तत्त्व आहे. १३१२ साली व्हिएनच्या धर्मपरिषदेनेही हीच भूमिका घेतली. शरीराला इजा झाली की स्मृती बिघडते आणि विचार करणे अडते, हे संत थॉमस मोकळेपणाने मान्य करतात. म्हणजे लुक्रेशियसचे निरीक्षण खरे होते. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. अंधारात दिव्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून वाचणारा म्हणजेच दिवा असे ठरत नाही.

शेवटच्या आजारात एपिक्युरसला मूत्राच्या विकाराने असह्य वेदना होत होत्या. तशा अवस्थेत त्याने मित्राला पत्र लिहिले आणि मेट्रोडोरस या आपल्या दिवंगत सोबत्याच्या मुलांची काळजी घ्यायला सांगितले. हे वाचून मी नेहमी थांबतो. ‘माझे काय होईल?’ या भयाला त्याच्याकडे अणूंचे उत्तर होते. पण जिवलग माणूस हरवते तेव्हा काय करायचे, याचे उत्तर त्याने अणूंनी दिले नाही, मायेने दिले.

संत पौल अथेन्सला आले तेव्हा एपिक्युरसचे अनुयायी त्यांच्याशी वाद घालत होते, असे प्रेषितांची कृत्ये (अध्याय १७) सांगते. पौलाने त्यांच्यापुढे देहातून सुटलेल्या आत्म्याचे गोडवे गायले नाहीत. त्याने पुनरुत्थान सांगितले आणि काही जण हसले. आपणही दर रविवारी श्रद्धांगीकारात पुनरुत्थानावरची श्रद्धा प्रकट करतो. म्हणून देह आपल्याला टाकाऊ नाही.

त्या मुलाला मी नंतर भेटलो आणि सांगितले, “देह जिवंत आहे, म्हणजे आत्मा तिथेच आहे. आई गेलेली नाही. तिला तुझी ओळख राहिली नसेल, पण तू तिला ओळखतोस आणि देव तुम्हा दोघांना ओळखतो.” तो काही बोलला नाही. आत जाऊन त्याने आईला चमच्याने पेज भरवायला घेतली.

आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत. “त्यांना काही कळत नाही, जाऊन काय उपयोग?” असे म्हणू नका. जा, हात हातात घ्या, थोडा वेळ बसा. तो हातही तीच व्यक्ती आहे.

आपला,
धर्मगुरू