मार मेंदूला, परीक्षा अंतःकरणाची

डोक्याच्या सौम्य दुखापतीची वैद्यकीय व्याख्या पुरेशी स्पष्ट आहे: शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो मापनश्रेणीत १५ पैकी किमान १३ गुण, शुद्ध हरपलीच तर ३० मिनिटांच्या आत परतलेली, आणि अपघातानंतरचे विस्मरण २४ तासांच्या आत ओसरलेले. अशा बहुतेकांची स्मरणशक्ती व एकाग्रता तीन महिन्यांत पूर्ववत होते. तरीही काहींचे चाचणीतील गुण पुढेही कमीच राहतात, आणि त्यामागे पुष्कळदा निद्रानाश, वेदना, खिन्नता किंवा आपले डोके आता पूर्वीसारखे चालणार नाही ही धास्ती असते. सूर आणि गन्स्टॅड या मानसशास्त्रज्ञांच्या २००२ मधील प्रयोगात, असा मार पूर्वी लागलेल्या ज्या विद्यार्थ्यांना त्याची आठवण देऊन चाचणीला बसवले, ते आठवण न दिलेल्या तशाच विद्यार्थ्यांहून मागे पडले. नंतरच्या सर्व प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नसला, तरी भीतीने घटलेले गुण खरे मानावेत की खोटे, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाकडे वेदान्ताच्या अंगानेही पाहता येते. अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे, त्या मुकुंदराजांनी परंपरेनुसार शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचून अद्वैत वेदान्त मराठीत आणला. त्या दर्शनात अंतःकरण एकच असून व्यापारभेदाने त्याला चार नावे मिळतात: संकल्प-विकल्प करते ते मन, निश्चय करते ती बुद्धी, स्मरण करते ते चित्त आणि ‘मी’पणा धरतो तो अहंकार. हे मान्य केल्यास स्मृतीची कोणतीही चाचणी केवळ चित्ताची राहत नाही, कारण ‘मी अधू झालो’ असे मानणारा अहंकारही तिथे उत्तर देत असतो. या सर्वांचा साक्षी असलेला आत्मा कोणत्याही आघाताने बाधत नाही, हा वेदान्ताचा पुढचा सिद्धान्त मात्र दुखापतग्रस्ताला ऐकवणे निष्ठुरपणाचे होईल. चाचणी साक्षीची नव्हे, पोट भरण्यासाठी राबणाऱ्या जीवाची होते.

बीडमधील ऊसतोड मजूर ट्रॉलीवरून पडला, तर स्मृतीच्या चाचणीत आकडे उलट्या क्रमाने म्हणताना त्याच्या मनात मुकादमाकडून घेतलेली, अद्याप न फिटलेली उचल असते, आणि शाळा लवकर सुटलेली असल्यास कागद-पेन्सिलीची चाचणीच त्याला परकी असते. त्याचे सगळे गुण मेंदूच्या इजेच्या खात्यावर मांडणे चुकीचे आहेच, पण त्याला ढोंगी ठरवणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. भरपाईच्या दाव्यांत काही जण मुद्दाम कमी प्रयत्न करतात हे खरे. ते ओळखण्यासाठीच्या विशेष चाचण्या मात्र प्रयत्न उणा पडला एवढेच दाखवतात, का उणा पडला ते नाही. म्हणून परीक्षकाचे शब्दही परीक्षेचाच भाग मानले पाहिजेत: ऑस्ट्रेलियात पॉन्सफर्ड या संशोधिका व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुखापतीनंतर लवकरच लक्षणांची माहिती व ती सोसण्याचे मार्ग सांगणारी पुस्तिका दिली, तेव्हा तीन महिन्यांनंतर त्या रुग्णांच्या तक्रारी इतरांपेक्षा कमी होत्या.